झाशीच्या माडीवरचे आरमार

पंजाब मेल झाशीला पोचली तेव्हा दुपार झाली होती. स्टेशनला आता वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव आहे. समुद्र इथून शेकडो मैल दूर. अशा गावात युद्धनौका पाहायला मिळतील, असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते.

माझे चुलत सासरे, आम्ही त्यांना काका म्हणतो, झाशीच्या रेल्वे कारखान्यात आयुष्यभर मालगाड्यांचे डबे दुरुस्त करून निवृत्त झाले. चहा झाल्यावर ते मला माडीवर घेऊन गेले. काचेच्या कपाटात तीन जहाजे होती. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे सांगाडे, इंजेक्शनच्या सुयांच्या तोफा, केसासारख्या तारांच्या डोलकाठ्या. प्रमाण एकास सातशे, म्हणजे सात मीटर जहाज एका सेंटिमीटरात.

"यातलं एकही कधी पाण्यात उतरलेलं नाही," काका म्हणाले. "फक्त कागदावर होती."

पहिले जहाज ब्रिटिशांच्या 'जी-३' आराखड्याचे. अशी चार जहाजे १९२१ मध्ये मागवली गेली. पण ६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनला मोठ्या आरमारी राष्ट्रांनी युद्धनौकांवर मर्यादा घालणारा करार केला आणि काम रद्द झाले. दुसरे त्याच काळातले 'एन-३', अठरा इंची तोफांचे. त्याची तर मागणीही नोंदवली गेली नाही. तिसरे अमेरिकेचे 'मोंटाना'. लांबी सुमारे २८० मीटर, काकांच्या कपाटात ४० सेंटिमीटर! सोळा इंची बारा तोफांच्या अशा पाच नौकांना १९४० मध्ये मंजुरी मिळाली होती. पण त्या महायुद्धात विमानवाहू जहाजांचे महत्त्व वाढले आणि १९४३ मध्ये पाचही रद्द झाल्या.

"बांधलेल्या जहाजांची का नाही करत?" मी विचारले.

काका काच पुसत राहिले. मग म्हणाले, "अठराव्या वर्षी मला नौदलातून बोलावणं आलं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठीवर तीन बहिणी. कारखान्यात चिकटलो. पत्र अजून आहे माझ्याकडे." एवढेच. त्यात तक्रार नव्हती.

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन आम्ही किल्ल्यावर गेलो. ओरछाच्या वीरसिंह देवांनी बांगरा टेकडीवर बांधलेला हा किल्ला पुढे मराठ्यांकडे आला. 'कडक बिजली' तोफेपाशी सगळेच पर्यटक थांबतात. १८५३ मध्ये गंगाधरराव गेले, कंपनीने दत्तक मुलगा नामंजूर केला आणि संस्थान खालसा झाले. १८५८ च्या वेढ्यात राणीने किल्ला लढवला, तेव्हा पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे शहरातच होते. त्यांनी जे पाहिले ते 'माझा प्रवास' या पुस्तकात आहे.

बुरुजावरून सगळीकडे कोरडे बुंदेलखंड दिसत होते. तरीही २०२१ मध्ये, १९ नोव्हेंबरला, राणीच्या जयंतीदिवशी, नौदलाच्या जहाजांसाठीची 'शक्ती' ही इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली याच झाशीत नौदलप्रमुखांकडे सुपूर्द झाली. काकांनी तो समारंभ दूरदर्शनवर दोनदा पाहिला म्हणे.

नात बारावीत आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, तेव्हापासून तिने नौदलाचा ध्यास घेतला आहे. अर्जाची मुदत संपत आली होती. आई म्हणते, एकुलती एक, इथेच बँकेची परीक्षा दे. शेवटी सगळ्यांचे एकमत झाले, काका म्हणतील तसे.

रात्री जेवणे झाल्यावर नातीने विचारले, "आजोबा, भरू का?"

काका उठले, माडीवर गेले. मला वाटले, ते जुने पत्र आणतील. पण ते 'मोंटाना' घेऊन खाली आले आणि तिच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवले.

"भर," ते म्हणाले. "कपाटात आता जागा नाही."

सून काही बोलली नाही. ताटे आवरता आवरता तिने डोळ्यांना पदर लावला, आणि मग स्वतःच विचारले, "फोटो कोणत्या मापाचा लागतो गं?"