स्टेम्पेन्यूचे व्हायोलिन

आरंभीच एक कबुली देते. अनुवादित साहित्य शिकवताना मी अनेक वर्षे सांगत असे, की यिडिश लेखक शोलेम अलेखेम यांच्या तेव्ये दूधवाल्याच्या कथांत छपरावर बसून व्हायोलिन वाजवणारा एक माणूस आहे. एका विद्यार्थिनीने पत्रातून विचारले, ‘तो कोणत्या कथेत भेटतो?’ मी पुस्तक पुन्हा उघडले. तो कुठेच नव्हता. १९६४ साली न्यूयॉर्कला रंगमंचावर आलेल्या ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतिकेने कथानक तेव्येचे घेतले; छपरावरचा वादक मात्र मार्क शागाल यांच्या चित्रांतला. पाहिलेल्या चित्रपटाने माझ्या वाचनावर मात केली होती.

शोलेम अलेखेम यांचा वादक भेटतो तो १८८८ च्या ‘स्टेम्पेन्यू’ या कादंबरीत. बेर्दिचेवच्या योसेले द्रुकेर या नामवंत वादकावरून तो रेखाटलेला आहे. पूर्व युरोपातील ज्यूंच्या लग्नांत वाजवणाऱ्यांना ‘क्लेझमर’ म्हणत. मूळ हिब्रू शब्दांचा अर्थ ‘गाण्याची साधने’. वाद्याचे नाव पुढे वादकाला मिळाले. लक्षणेचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात क्वचितच सापडले.

विवाहविधीपूर्वी नवरीला आसनावर बसवीत, तेव्हा व्हायोलिनमधून हुंदक्यासारखे स्वर निघत आणि जमलेल्या स्त्रियांना रडू कोसळे. ते रडणे घडवून आणणे हे वादकाचे कामच होते. तरीही प्रतिष्ठित घरे सोयरीक जुळवताना त्याला दूरच ठेवीत. या मंडळींची आपसांतली एक गुप्त बोलीही होती. यजमानासमोर उभे राहून त्याच्याविषयी तिच्यात बोलता येई. आपल्याकडील दलालांची नंदभाषा आठवून पाहा. शोलेम अलेखेम यांनी या बोलीतले शब्द पात्रांच्या तोंडी घालून त्यांचे अर्थही दिले. भाषेच्या अभ्यासकाला हा ठेवाच वाटतो.

स्टेम्पेन्यू विवाहित रॉखेलेवर भाळतो. त्याच्या वादनाने तीही हेलावते. पण अखेर नवऱ्यासह दुसऱ्या शहरी निघून जाते. तो मागे राहतो, व्याजाने पैसे लावणाऱ्या आपल्या बायकोच्या संसारात.

माझ्या जुन्या टिपणांची प्रत आपल्यापैकी कोणाकडे असल्यास छपराविषयीचे ते वाक्य कृपया खोडावे.