चालणे आणि चालवणे

विचार, आचार, संचार, प्रचार हे आपल्या भाषांतील शब्द ‘चर्’ या एकाच धातूपासून निघाले आहेत, आणि त्या धातूचा मूळ अर्थ हिंडणे, चालणे असा आहे. कन्नड वचनकारांनी स्थावराहून जंगमाला श्रेष्ठ मानले. सूफींनी साधकाला ‘सालिक’ म्हणजे वाटसरू म्हटले. मराठीत तर वारी करणाऱ्यांच्या नावानेच एक संप्रदाय ओळखला जातो. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांना यात नवे असे काही नाही. परंतु या जंगमत्वावरील निबंध वाचण्यासाठी ज्या परिसंवादांना आपण जमतो, त्यांना आपल्यापैकी बहुतेक जण एकेकटे मोटारीतून येतात, आणि चहापानापर्यंतचा वेळ मोटार उभी करण्यास जागा कशी मिळाली नाही या कथनात जातो. या विसंगतीविषयी थोडे लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

गेले वर्षभर मी दिल्लीत अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहत आहे. माझ्याजवळ मोटार नाही. सहकाऱ्यांना प्रथम ही माझी आर्थिक अडचण वाटली, नंतर तत्त्वनिष्ठा वाटली. वास्तविक ती केवळ सवय आहे. बस, मेट्रो आणि पाय एवढ्यावर माझे चालते. २००२ च्या डिसेंबरात येथे मेट्रो सुरू झाली आणि तिने या अवाढव्य शहराची टोके जवळ आणली, हे मान्य केलेच पाहिजे. पण मेट्रो कोणालाही थेट दारापर्यंत नेत नाही. स्थानकापासून पुढचा मैलभर रस्ता पायीच तुडवावा लागतो, आणि खरी दिल्ली कळते ती त्या मैलात. पदपथ मध्येच संपतो, पुन्हा उगवतो, त्यावर मोटारी चढवलेल्या असतात; पादचारी निमूटपणे रस्त्यावर उतरतो आणि मागून येणारा त्याच्यावरच भोंगा वाजवतो.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. २०२२ या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मेली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळून इतर कामकऱ्यांना ते कामावर कसे जातात असे विचारले होते. पायी जाणारे शंभरात बावीसहून अधिक निघाले, सायकलीने जाणारे तेरा, आणि मोटारीने जाणारे तीनही नव्हते. त्यानंतर मोटारी पुष्कळ वाढल्या. पण रस्ता कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार तेव्हाही त्या तिघांकडेच होता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत असे तत्त्व नमूद आहे. त्याच तत्त्वाने दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद या मार्गावर २००८ साली बसगाड्यांना वेगळी मार्गिका दिली गेली. मोटारवाल्यांचा वेळ वाया जातो म्हणून प्रकरण उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २०१२ साली बसच्या बाजूने निर्णय दिला. आणि २०१६ साली ती मार्गिका तरीही उखडली गेली. तिच्या रचनेत दोष होते, हे खरे. पण दोष दुरुस्त करता येतात. इथे दोषांबरोबर तत्त्वही उखडले गेले.

मोटारीने वाङ्मयाचे काय केले, हा माझ्या व्यवसायाला अधिक जवळचा प्रश्न. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले त्या गावांची, देवळांची, त्यांतील जागांची दिशांसह नोंद आहे. पायांनी मोजल्याशिवाय असा ग्रंथ होऊ शकत नाही. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख घ्या. दिंडीत जातिपरत्वे वेगळ्या पडणाऱ्या पंगती त्यांना दिसल्या आणि सलल्या, त्या बरोबर चालल्या म्हणून. बाजूने मोटारीत बसून गेल्या असत्या तर त्यांना केवळ पताका दिसल्या असत्या. गंमत अशी की याच इरावतीबाई पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्री म्हणूनही सांगितल्या जातात. मला यात विरोध दिसत नाही. वाहन वापरणे निराळे, आणि त्याच्याशिवाय शंभर पावले न टाकणे निराळे.

तरीही चालण्याचे आणि सार्वजनिक वाहनांचे स्तोत्र गाण्याचा मोह आवरला पाहिजे. कलकत्त्यात १८७३ पासून ट्राम आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एक मार्ग वगळून ती बंद करण्याचा मनोदय राज्यसरकारने जाहीर केला, तेव्हा मलाही हळहळ वाटली. पण जीवनानंद दास १९५४ साली त्याच ट्रामच्या धक्क्याने जखमी होऊन गेले, हे विसरून कसे चालेल? त्याहून बिकट आक्षेप माझ्या एका विद्यार्थिनीने घेतला. २०१२ च्या डिसेंबरात याच शहरात एका खासगी बसमध्ये जे घडले ते तिच्या घरात आजही बोलले जाते. “सर, रात्री आठनंतर बसने जा हे मला सांगणं सोपं आहे,” ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या थांब्यावर दिवा नाही, तेथे पर्यावरणाची महती सांगणारा माणूस हास्यास्पद ठरतो.

त्या संभाषणामुळे एक गोष्ट मात्र लक्षात आली. आमचे साप्ताहिक चर्चासत्र सायंकाळी साडेपाचला भरे, कारण ज्यांच्याजवळ मोटारी आहेत त्यांना ती वेळ सोयीची होती. नजफगढ, नरेला अशा लांबच्या वस्त्यांतून येणारी मुले सव्वासहाला वह्या मिटू लागत. निबंधवाचनानंतरची खरी चर्चा सुरू होई तेव्हा तमिळ जाणणारा एकमेव विद्यार्थी बसथांब्यावर उभा असे. वर्षभर आम्ही भारतीय साहित्याविषयी जे निष्कर्ष काढले, ते कोणाच्या अनुपस्थितीत काढले याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

याच सुमारास इमारतीमागची कडुनिंबांची रांग तोडून मोटारींसाठी जागा करावी असा प्रस्ताव विभागाच्या बैठकीत आला. अभ्यागताने अशा गोष्टींत बोलू नये असा संकेत आहे. तो मोडून मी विरोध लेखी दिला आणि सोबत काही सूचना केल्या: एकाच वसाहतीत राहणाऱ्या पाच अध्यापकांनी एका मोटारीतून यावे, सायकलींसाठी छप्पर घालावे, चर्चासत्र दुपारी दोनला घ्यावे, आणि फाटकाबाहेरच्या थांब्यावर दिवा लावून घ्यावा. पहिल्या सूचनेवर बराच वेळ हशा झाला. एक ज्येष्ठ सहकारी मात्र गंभीरपणे म्हणाले की मोटारीतील एकांत हाच त्यांचा दिवसातील वाचनाव्यतिरिक्त एकमेव स्वतःचा वेळ आहे. हे मला समजू शकते, आणि म्हणूनच मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कडुनिंब तूर्त वाचले आहेत. चर्चासत्र दोनला भरते. सायकलींचे छप्पर पुढच्या अंदाजपत्रकात धरले आहे, आणि दिव्याचा अर्ज बांधकाम विभागाकडून ‘हा थांबा आपल्या हद्दीत येत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. तो आता महापालिकेकडे पाठविला आहे.