रिद्धपूरला मिनी ट्रेन नाही

दिवाळीच्या सुट्टीत आजीला घेऊन आम्ही सगळे रिद्धपूरला गेलो. धाकट्या बहिणीला वाटलं, शेगावच्या आनंद सागरात होती तशी मिनी ट्रेन, तळं वगैरे असेल. इथे राजमठ, ओटे आणि 'दंडवत प्रणाम' म्हणणारी माणसं. आजी प्रत्येक ओट्यावर डोकं टेकवत होती. "म्हाइंभटानं इथंच लीळाचरित्र लिवलं. मराठीतलं पयलं गद्य पुस्तक हाय बापा ते!"

तेराव्या शतकात हा माणूस चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या लोकांना गाठून एकेक आठवण गोळा करत हिंडला. (आपण सबमिशनच्या आदल्या रात्री काय करतो, ते सांगायला नको!) मला खरा धक्का दिला तो सकळ लिपीने. महानुभावांनी एका अक्षराच्या जागी दुसरंच चिन्ह ठेवून पोथ्या लिहिल्या. म्हणजे चक्क एन्क्रिप्शन, मित्रांनो! इतिहासाचार्य राजवाड्यांनी तिची किल्ली शोधेपर्यंत पंथाबाहेर त्या कुणाला वाचताच येत नव्हत्या.

मी कॉन्व्हेंटवाला, मला साधी जोडाक्षरंसुद्धा सकळ लिपीसारखी. पण आजीचे डोळे आता अधू झालेत. म्हणून सुट्टीभर रोज रात्री तिला एक लीळा मोठ्याने वाचून दाखवली. मी अडखळलो की पुस्तकाकडे न बघताच ती पुढचा शब्द सांगायची. सुट्टी संपली तेव्हा एकांकही संपला नव्हता.