सुलभ पाठ्यसाहित्य : पाचोऱ्यातील अनुभव

दृष्टिहीन विद्यार्थ्यापर्यंत महाविद्यालयीन पाठ्यसाहित्य तीन रूपांत पोहोचते : ब्रेल, ध्वनिमुद्रण आणि मोबाइल किंवा संगणक वाचून दाखवू शकेल असा मजकूर. तिसरे रूप सर्वांत उपयोगी. त्याच फाइलवरून ब्रेल छापता येते, अक्षर मोठे करता येते आणि हवे ते प्रकरण शोधता येते. जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यात बी.ए.च्या एका विद्यार्थ्यासाठी प्रस्तुत लेखकाने असे साहित्य तयार केले. पुढील माहिती त्या कामातून आली आहे.

कामाला कायद्याचा आधार आहे. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाचे सुलभ रूप करू देतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवल्या. त्याच वर्षी 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. मात्र तालुक्याच्या गावी अभ्यास चालतो तो प्राध्यापकांच्या नोट्स आणि झेरॉक्सवर. हे साहित्य स्थानिक पातळीवरच तयार करावे लागते.

पहिली अडचण मूळ प्रतीची. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला वहीचा फोटो स्क्रीनरीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला, नुसते चित्र असतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्या पोटात मराठीचे युनिकोड संकेत नसल्याने यंत्र निरर्थक अक्षरे उच्चारते. अशी फाइल कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावी लागते. छापील पान स्कॅन करून ओसीआरने (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या प्रणालीने) उतरवले, तर पुसट झेरॉक्समध्ये रफार व अनुस्वार गळतात, 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' होतो. पुस्तक समोर ठेवून यंत्राचे वाचन ऐकले की नजरेतून निसटलेल्या चुका कानाला सापडतात.

मराठी विषयात बहिणाबाई चौधरींच्या कवितांना वेगळी काळजी लागते. शुद्धलेखन तपासणी 'मानूस'सारखी रूपे चूक ठरवते. म्हणून ती बंद करून मजकूर खानदेशी बोली जाणणाऱ्याकडून मुळाशी ताडून घ्यावा लागतो.

इतिहासात नकाशे शब्दांत मांडावे लागतात : तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते, गिरणा दक्षिणेकडून येऊन तिला मिळते, १९०६मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तक्त्यातील प्रत्येक ओळ स्वतंत्र वाक्य केल्यास सनावळीचा गोंधळ होत नाही. प्रकरणांना शीर्षक-शैली द्यावी, म्हणजे विद्यार्थी थेट तिथे पोहोचतो. मूळ पुस्तकाचे पानक्रमांकही ठेवावेत, कारण वर्गात पान सांगूनच शिकवले जाते.

शेवटची बाब वेळेची. एका पुस्तकाच्या तपासणीला आठवडे लागतात, त्यामुळे सत्र सुरू होण्यापूर्वीच पुस्तकांची यादी हाती असावी लागते. प्राध्यापकांनी नोट्स सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टंकल्या, तर स्कॅन आणि रूपांतर हे दोन्ही टप्पे वाचतात. मोबाइलचा मराठी कीबोर्ड त्यासाठी पुरेसा आहे.