वाळूच्या जागी पाणी

मोटारीच्या इंजिनात कूलंट जिथून फिरतं, ती जागा मुळात वाळूची. बिडाचा ब्लॉक ओतताना साच्यात वाळूचे कोअर बसवतात आणि त्यांच्या भोवतीनं चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला रस सोडतात. रस थिजेपर्यंत कोअरमधलं रेझिन जळून जातं, वाळू भुसभुशीत होते आणि झाडून काढता येते. मागे उरते ती पोकळी म्हणजे वॉटर जॅकेट. इंजिन एकदा जुळलं, की सिलिंडरांना वेढून जाणारी ही पोकळी कुणाच्या नजरेला पडत नाही. वाळू ज्या भोकांतून बाहेर आली, तीसुद्धा पत्र्याच्या वाट्या ठोकून बंद केलेली असतात.

माझी उमेदीची वर्षं शिरोलीच्या एका फौंड्रीत, कोअर शॉपला गेली. कोल्हापुरात यात विशेष काही नाही. उद्यमनगरात शेतीपंपांची ऑइल इंजिनं घडली, मग शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत भट्ट्या पसरत गेल्या. मेनन, घाटगे-पाटील अशा कारखान्यांतून सिलिंडर ब्लॉक आणि हेड बाहेर पडतात. त्यामुळे गाडीचं बॉनेट उघडलं, की माझं लक्ष वरच्या नळ्या-वायरींवर ठरत नाही, ते आतल्या पोकळीत जातं. आतली हकिकत समजायला एकच मार्ग असतो, खालून निघणारं जुनं कूलंट. गिअरबॉक्सचंही तसंच. ते नीट बघायचं असेल तर घाई नको, आणि रांगेत पाच गाड्या उभ्या असलेल्या मिस्त्रीला घाई करावीच लागते. त्याचा काही दोष नाही. मी मात्र कूलंट आणि गिअर ऑइल बदलायची ही दोन्ही कामं घरी, दारात करतो.

शेजारचे आप्पा हटकून विचारतात, ‘कोल्हापुरात काय बर्फ पडतंय व्हय? नळाचं पाणी वता की.’ हा प्रश्न चुकीचा नाही. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग गोठणं टाळणारं ग्लायकॉल कशाला? पण खरं संकट गंजाचं असतं. बिडाचा ब्लॉक, त्यावर ॲल्युमिनियमचं हेड, पुढे ॲल्युमिनियमचाच रेडिएटर, आणि या सगळ्यांना जोडणारं क्षारांचं पाणी. एवढ्या सामग्रीवर बारीकशी बॅटरीच तयार होते आणि धातू खाल्ला जातो. थेट पाइपलाइनचं काळम्मावाडीचं पाणी प्यायला चांगलं, पण तापलेल्या भिंतीवर त्यातले क्षार थर धरतात आणि त्या थरातून उष्णता बाहेर पडत नाही. कूलंटमध्ये गंज रोखणारी जी द्रव्यं असतात ती वापरात संपत जातात, रंग मात्र तसाच हिरवागार राहतो. म्हणून रंग बघून ‘अजून चांगलं आहे’ म्हणणं फसवं. हिरवं, तांबडं, निळं हा कंपन्यांचा मामला. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

उकळण्याचा हिशोबही आहेच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं साधं पाणी ९८ अंशांना उकळतं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी, वर झाकणाचा साधारण एक बार दाब, एवढं जुळलं की तीच मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. एप्रिलच्या दुपारी वैभववाडीकडून करूळ घाट चढताना, पुढे भरलेला ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरला आणि एसी चालू, अशा वेळी हे वीस-पंचवीस अंशच आपल्याला गगनबावड्याला पोचवतात.

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. मी रात्री गाडी लावतो आणि सकाळी सुरुवात करतो. खाली घमेलं सरकवायचं, हीटरची कळ गरमकडे ठेवायची, झाकण उघडायचं आणि मग रेडिएटरचा खालचा कॉक सोडायचा. पहिली धार पांढऱ्या मगात धरतो. स्वच्छ रंगीत असेल तर आत सगळं ठीक. तांबूस, गढूळ असेल तर बीड गंजायला लागलंय. बोटांत चोळल्यावर बारीक खर लागली, तर तो थर सुटून आलेला असतो. आणि वर दुधाळ तेलकट तवंग असेल, तर नवं कूलंट ओतायच्या भानगडीत न पडता हेड गॅस्केट तपासायला घ्यावं.

मग धुणं. बॅटरीत घालतात ते डीमिनरलाइज्ड पाणी भरून इंजिन चालवायचं, गार करायचं, सोडायचं, आणि स्वच्छ येईपर्यंत हेच. इथं एक गोम आहे. कॉक उघडून सगळं पाणी निघत नाही, ब्लॉकच्या खालच्या कप्प्यांत ते राहतंच. समजा गाडीत ५ लिटर मावतं आणि घमेल्यात ३ आलं, तर आत २ लिटर नुसतं पाणी आहे. त्यावर तयार मिश्रण ओतलं तर निम्म्याचं प्रमाण बिघडतं. म्हणून मी न मिसळलेलं कूलंट आणतो, आधी अडीच लिटर ते घालतो आणि उरलेली अर्ध्या लिटरची जागा पाण्यानं भरतो. ज्यानं कोअर हाताळलेत त्याला आतले कोनेकोपरे ठाऊक असतात. हा हिशोब मला तिथूनच सुचला.

या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हवा काढण्याचा. गाडीचं तोंड थोडं उंचावर घ्यायचं, झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करायचं आणि तोंडाशी येणारे बुडबुडे बघत उभं राहायचं. सुरुवातीला ते भराभर येतात, मग तुरळक. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो; त्या क्षणी पातळी झपकन खाली जाते, वरची नळी हाताला गरम लागते, आणि आपण पुन्हा भर घालायची. काही वेळानं आणखी एखादा मोठा बुडबुडा येतो. तो हेडजवळच्या वळणात अडकलेला असतो. तो आतच राहिला असता तर तिथल्या धातूला कूलंट लागलंच नसतं आणि काटा मात्र बराच वेळ सरळ दिसला असता. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर बाटलीतली पातळी परत बघायची. नव्या पुष्कळ गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, दाबाची बाटली असते. तिथं हवा काढायचे वेगळे स्क्रू दिलेले असतात, ते पुस्तकात शोधावेत.

गिअर ऑइलला उलटा नियम, ते कोमट हवं. रंकाळ्याला एक फेरी मारून येतो, म्हणजे पातळ होऊन नीट वाहतं. गाडी सपाट जागेवर, चारी बाजूंना घोड्यांवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, कितीही थोडं काम असलं तरी. आणि आधी भरायचा बोल्ट सोडून बघायचा, मग खालचा. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधीच सोडलं असेल, तर कोरड्या गिअरबॉक्सची गाडी दारात अडकते.

खालच्या बोल्टाला बहुतेक गाड्यांत लोहचुंबक असतं. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमलेला सापडतो. बोटावर घेतला तर काजळासारखा पसरतो. गिअर एकमेकांवर झिजल्याची ती नेहमीची खूण, त्याची काळजी नको. नखाला टोचणारा कपचा निघाला तर मात्र एखादा दात किंवा बेअरिंग गेलंय. ही गोष्ट कुठल्याही मीटरवर दिसत नाही. बोल्ट पुसून, नवं वायसर घालून आवळायचा, आणि वरच्या भोकातून तेल ओघळेपर्यंत भरायचं, बहुतेक छोट्या गाड्यांत दोन लिटरच्या आसपास. पुस्तकात जीएल-४ लिहिलं असेल तर ‘वरच्या दर्जाचं’ म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातली गंधकाची द्रव्यं जास्त तीव्र असतात आणि गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा खातात.

टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीला मी घरी हात लावत नाही. एकदा सोडून त्यातलं निम्मंही तेल निघत नाही, आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजायची असते. त्यासाठी योग्य यंत्र असलेला माणूस गाठावा.

उरतं ते जुन्याचं काय करायचं. इथं मी कुणाचंही ऐकत नाही. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्रं ते चाटतं आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतं. लहान मुलांनाही तोच धोका. गटारात ओतलं तर जयंती नाल्यातून पंचगंगेकडे जातं, आणि त्या नदीला आधीच काय कमी सोसावं लागतंय? जुनं तेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचराच आहे, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच गेलं पाहिजे. मी दोन वेगळे कॅन ठेवतो, बूच घट्ट लावून, वर नाव लिहून. दोन्ही एकत्र केले तर तेल शुद्ध करून परत वापरण्याजोगं राहत नाही. उद्यमनगरात ओळखीच्या एका वर्कशॉपचं जुन्या तेलाचं पिंप नियमानं उचललं जातं, तेलाचा कॅन तिथं रिता करतो; कूलंटचा कॅनही तेच लोक वेगळा ठेवून त्यांच्या कचऱ्यासोबत पाठवतात.