नळीची वाट

दिवाळीत घरी आलेल्या पुतण्याने मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. दोन काळ्या कातळभिंतींच्या मधे बर्फाने भरलेली, शिडीसारखी उभी आणि जेमतेम एका खोलीएवढी रुंद घळ. अंधारात कपाळावर दिवे लावून, पाठीवर स्की बांधून दोन माणसं तिच्यातून वर चढतात. माथ्यावर पोचतात तेव्हा सूर्य उगवतो. मग तीच घळ स्कीवरून काही मिनिटांत उतरून जातात. "काका, आपल्याकडे असं काहीच नाही," तो म्हणाला.

इंद्रपुरीत बसून असं वाटणं साहजिक आहे. आमच्याकडे चढ म्हणजे मनुआभानची टेकडी, फार तर रायसेनचा किल्ला. पण बर्फ सोडला तर ती घळ आपल्याकडे आहे, आणि एक नाही, कितीतरी आहेत. सह्याद्रीत त्यांना नाळ म्हणतात. महाराष्ट्राचा देश जिथे कोकणाला भेटतो तिथे तो हळूहळू उतरत नाही, एकदम तुटतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर साचून हा डोंगर झाला (आपल्या माळव्याची काळी मातीही त्याच लाव्हाची), आणि जिथे खडक भेगाळलेला किंवा ठिसूळ होता तिथे पावसाच्या पाण्याने तो कड्यापासून पायथ्यापर्यंत कोरून काढला. पावसाळ्यात या नाळा धबधबे असतात. पाणी आटलं की त्याच वाटा होतात. बाळाची नाळ आणि डोंगराची नाळ यांना मराठीत एकच शब्द आहे, हे मला भोपाळमध्ये वाढताना कधी जाणवलं नव्हतं.

व्हिडिओतला सूर्योदय शोभेचा नाही, हे मी पुतण्याला सांगितलं. रात्रीच्या थंडीने बर्फ घट्ट होतो आणि भिंतींतले सुटे दगड त्यात गोठून जागच्या जागी राहतात. ऊन पडलं की वरचा थर ओला होऊन सुटतो, दगडही मोकळे होतात, आणि घळ अरुंद असल्याने जे काही सुटतं ते सगळं त्याच नळकांड्यातून खाली येतं. म्हणून चढाई अंधारात करायची. उतरायला मात्र किंचित उन्हाने मऊ झालेला बर्फ हवा, कारण काचेसारख्या कडक बर्फावर स्कीची कड धरत नाही. आधी घाई होते, नंतर उशीर. मधला तासाभराचा वेळ काय तो आपला. घळीचं तोंड पूर्वेला असेल तर तोही लवकर संपतो. गुलमर्गला अफरवटच्या उतारांवर जाणारे लोकही सकाळी आधी हाच हिशोब मांडतात: उतार किती, तोंड कुठल्या दिशेला, ऊन कधी.

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला हाच हिशोब वेगळ्या कारणांनी लागू होतो. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात बेलपाडा हे पायथ्याचं गाव. तिथून कोकणकड्याच्या बाजूच्या नाळेतून हजार मीटरहून जास्त चढून गडाच्या पठारावर पोचायचं. नाळेचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे सूर्य डोंगराच्या मागे उगवतो आणि सकाळचे काही तास सगळी नाळ सावलीत राहते. ही सावली हीच इथली संपत्ती. जानेवारीत नाळेत प्यायला भरवशाचं पाणी नसतं, जे पाठीवर आहे तेवढंच. कातळ एकदा तापला की पाणी दुप्पट लागतं, आणि हात दमलेले असताना सर्वांत उभे टप्पे समोर येतात.

तयारीबद्दल थोडक्यात, कारण सपाटीवर राहणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. मी दोन महिने आमच्या इमारतीचे चार मजले पाठपिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून चढलो-उतरलो आणि रविवारी रायसेनचा किल्ला केला. शेजारच्या काकूंनी लिफ्ट बंद आहे का, असं दोनदा विचारलं. जिममधल्या पट्ट्यावर चालून गुडघ्यांना उतरण्याची सवय होत नाही, एवढं मात्र आवर्जून सांगतो.

गेल्या जानेवारीत पंजाब मेलने रात्रभर प्रवास करून कल्याणला उतरलो. तिथे डोंबिवलीचा आतेभाऊ आणि त्याचे तीन मित्र भेटले. माळशेज घाटाच्या रस्त्यावर मोरोशीजवळ आत वळून दुपारी बेलपाड्याला पोचलो. अंगणातून कोकणकडा समोर दिसतो. तो नुसता उभा नाही, आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. ज्यांच्या घरी उतरलो ते मामा आणि त्यांचा मुलगा आमचे वाटाडे. मामांनी आमच्या पिशव्या एकेक उचलून पाहिल्या आणि कॅमेऱ्याचा तिपाई काढून ठेवायला लावला. "पानी किती?" हा त्यांचा एकच प्रश्न. प्रत्येकी चार लिटर म्हटल्यावर मान हलवली.

पहाटे साडेचारला निघालो. पहिले दोन तास ओढ्याच्या कोरड्या पात्रातून. धोंडे एवढे मोठे की चालणं कमी आणि एकावरून दुसऱ्यावर चढणं जास्त. दिव्याच्या गोलात पुढच्या माणसाचे बूट आणि एक धोंडा, एवढंच जग. थंडी चांगलीच होती, तरी अर्ध्या तासात स्वेटर निघाले.

साडेसहानंतर उजाडू लागलं आणि कळलं की दोन्ही बाजूंना भिंती उभ्या राहिल्या आहेत. सूर्योदय कधी झाला ते कळलं नाही. आम्ही सगळे घड्याळात बघत होतो, सव्वासात झाले, आणि नाळेत काहीच बदललं नाही. मग भाऊ म्हणाला, "मागे बघ." मागे कोकण पसरलं होतं. खूप लांब, मुरबाडकडच्या टेकड्यांवर, पिवळं ऊन पडलं होतं. तिथपासून आमच्यापर्यंत सगळी शेतं, गावं, झाडं निळसर सावलीत होती, आणि ती सावली आम्ही ज्या डोंगराच्या पोटात उभे होतो त्याची होती. पुढचा तासभर थांबलो की मागे वळून बघत होतो. सावलीची कड आमच्या दिशेने सरकत होती. लांबची शेतं सुटली, मग एक तळं चमकलं, मग साडेआठच्या सुमारास बेलपाड्याची कौलं उजळली. सूर्योदय म्हणजे पूर्वेला तोंड करून उभं राहायचं, अशी माझी समजूत होती. उगवतीची पाठमोरी बाजूही इतकी सविस्तर असते, हे मला नवीन होतं.

त्याच वेळी वाट उभी होत गेली. धोंडे संपून घसारा लागला. घसारा म्हणजे सुट्या दगडांचा उतार: एक पाऊल टाकलं की अर्धं खाली येतं, आणि तुमच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याचा होतो. मामांनी आम्हाला एका ओळीत न ठेवता तिरकं, एकमेकांच्या अगदी जवळ चालवलं. अंतर कमी असलं की दगडाला वेग घ्यायला जागा मिळत नाही.

नऊच्या सुमारास वरून आवाज आला, "दगऽऽड!" मामांच्या मुलाने भावाला भिंतीकडे ढकललं. पाटीएवढा एक दगड आमच्यापासून सात-आठ हातांवर आपटला, उडाला आणि खाली नाळेत नाहीसा झाला. त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आमच्या आधी तासभर निघालेली पंचवीस-तीस जणांची एक टोळी वर पहिल्या कातळटप्प्यावर अडकली होती. एकेकजण दोराने वर जात होता, बाकीचे घसाऱ्यावर उभे, आणि त्यांच्या पायांखालून दगड सुटत होते.

मामांनी आम्हाला एका पुढे आलेल्या कातळाखाली बसवलं. "वरची मानसं सरकूं द्या." किती वेळ? "सरकतील तवा." इथे आमच्यात वाद झाला. एका मित्राचं म्हणणं, आपण पाचच जण आहोत, डोक्यावर हेल्मेट आहेत, भिंतीच्या कडेने पटकन निघून जाऊ. इथे बसलो तर सावली जाईल आणि वरचे टप्पे उन्हात येतील. म्हणणं चूक नव्हतं. खाली उन्हाची कड आता ओढ्यापर्यंत आली होती. त्याच्याकडे वेळेचा हिशोब होता आणि मामांकडे दगडांचा. मामांनी वाद घातला नाही, चंची काढली आणि तंबाखू मळू लागले. त्या चाळीस मिनिटांत आणखी तीन दगड आले. तिसरा आम्ही जिथून निघून गेलो असतो त्या कडेनेच गेला. मित्र काही बोलला नाही, त्याने पिशवीतून चिक्की काढून आधी मामांना दिली.

माझं यावर ठाम मत झालं आहे. नाळेत एका वेळी एकच टोळी असावी आणि तीही लहान. रविवारी पन्नास जणांना दोराला टांगून वर काढायचं आणि त्याला साहस म्हणायचं, हे मला पटत नाही. बर्फातल्या घळीतही हाच नियम आहे. वर कोणी असेल तर खाली शिरायचं नाही.

कातळटप्प्यांवर कमरेला हार्नेस आणि वरून दोर होता. मामांचा मुलगा दोराशिवाय अनवाणी वर गेला आणि आमच्यासाठी दोर बांधला. पकडी चांगल्या आहेत, फक्त खाली बघायचं नाही. साडेअकराला ऊन थेट नाळेत उतरलं. त्यानंतरचे दोन तास जे होते ते वर्णन करण्यासारखे नाहीत: कातळ तव्यासारखा, तोंड कोरडं, आणि शेवटी कारवीच्या झुडपांतून आडवं जाताना प्रत्येक वळणावर वाटायचं की हेच शेवटचं. दोन वाजता पठारावर आलो तेव्हा माझ्याकडे पाव लिटर पाणी उरलं होतं.

गडावर बघायला पुष्कळ आहे. हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं कमरेएवढ्या गार पाण्यातलं भलं मोठं शिवलिंग, चांगदेवांच्या आठवणी. पण आम्ही आधी कोकणकड्यावर गेलो आणि पोटावर झोपून खाली पाहिलं. उभं राहून बघायची ही जागा नव्हे. याच कड्यावर जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत यांच्यासारखा मुरलेला गिर्यारोहक रॅपलिंगच्या मोहिमेत गेला.

कर्नल साइक्स यांना इथून इंद्रवज्र दिसलं होतं. पाठीमागे सकाळचा सूर्य, समोर खाली धुकं, आणि धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती सप्तरंगी गोल. विमानातून कधीकधी ढगावर विमानाच्या सावलीभोवती दिसतो, तोच प्रकार. पाण्याचे बारीक थेंब प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून मध्यभागी नेहमी बघणाऱ्याचंच डोकं असतं. त्यासाठी दरीत धुकं हवं. जानेवारीच्या कोरड्या हवेत ते कुठून येणार? इंद्रपुरीच्या माणसाने इंद्रवज्रावर हक्क सांगून उपयोग नाही.

पिठलं-भाकरी खाऊन मामा आणि मुलगा लगेच निघाले, साधले घाटाने, कारण तो उतरायला सोपा. राहा म्हटलं तर म्हणाले, "उद्या पहाटं चारला दुसरी मानसं हायेत." पैसे मोजून घेतले, भावाच्या फाटलेल्या बुटाला स्वतःजवळची सुतळी बांधून दिली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला उठून मी पुन्हा कड्यावर गेलो. बाकीचे पूर्वेकडे तारामतीच्या शिखरावर सूर्योदय बघायला गेले होते. कड्यावर वारा होता आणि कोकण अजून काळं होतं. खाली खोल, बेलपाड्याच्या वरच्या ओढ्यात, पाच-सहा बारीक दिवे एकामागून एक नाळेच्या दिशेने सरकत होते. सगळे अगदी जवळजवळ.