बावटा वाचता आला पाहिजे



आमची बौद्धवाडी मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत अर्ध्या तासावर आहे. रात्री वारा फिरला की लाटांचा आवाज अंथरुणात ऐकू येतो. तरीही हा समुद्र आम्हांला कधी आपला वाटला नाही. आमच्या वाडवडिलांचे आयुष्य चिरेखाणीत, दुसऱ्याच्या शेतात आणि पुढे मुंबईच्या गिरणीत गेले. होडी दुसऱ्याची, जाळे दुसऱ्याचे. आम्ही फक्त बाजारात मासळी विकत घेणारे. बंदरातल्या बावट्याशी आमचा संबंध एवढाच, की पावसाळ्यात रेडिओवर ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे ऐकले की त्या दिवशी बांगडा महाग होणार, हे आम्ही ओळखून असायचो.

आमची थोरली कॉलेजात गेली आणि नौदल एनसीसीत भरती झाली. शिडाची होडी चालवायला शिकू लागली. एके दिवशी तिने रंगीत निशाणांचा एक मोठा तक्ता आणला आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी भिंतीवर लावला. आमच्या म्हाताऱ्या आईने विचारले, “ही कसली गे तोरणां?” मुलगी हसून म्हणाली, “आजी, ही तोरणं नाहीत. ही अक्षरं आहेत.”

तिने सगळे समजावून सांगितले. समुद्रावर बोलणे ऐकू येत नाही आणि भाषाही सगळ्यांची एक नसते. म्हणून जगभरच्या जहाजांसाठी निशाणांची एक लिपी आहे. तिचे पहिले पुस्तक 1857 साली निघाले. रोमन लिपीच्या 26 अक्षरांची 26 निशाणे, शिवाय आकड्यांची वेगळी. रंग पाचच: लाल, निळा, पिवळा, पांढरा आणि काळा. दुरून एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात, म्हणून हेच पाच. आम्हांला आपला पंचशील ध्वज आठवला. 1885 साली श्रीलंकेत पहिल्यांदा फडकलेल्या त्या ध्वजातही निळा, पिवळा, लाल आणि पांढरा हे चार रंग आहेतच. पाचवा तेवढा वेगळा. आईला हे फार आवडले. तिने तक्त्यावरून पदर फिरवला.

महिनाभर तो तक्ता भिंतीवर होता. आम्ही तो रोज पुसला, पण एकदाही वाचला नाही. या चुकीची किंमत पुढे कळली.

शिबिराच्या शेवटी तारकर्लीच्या खाडीत शर्यती होत्या आणि पालकांना बघायला येण्याची मुभा होती. आम्ही दोघे खाडा करून गेलो. निळसर शिडांच्या आठ होड्या होत्या आणि प्रत्येकीत दोन मुले. आमची मुलगी सुकाणूवर होती. पंचांची बोट नांगर टाकून उभी होती. तिची डोलकाठी आणि पलीकडचा बोया यांच्यामधली सरळ रेषा म्हणजे शर्यत सुरू होण्याची रेषा.

धावण्याच्या शर्यतीत सगळे एका रेषेवर उभे राहतात. शिडाची होडी तशी उभी राहू शकत नाही. ती रेषेच्या मागे घिरट्या घालते आणि नेमक्या क्षणी रेषा ओलांडण्याची धडपड करते. तो क्षण निशाणे सांगतात. पाच मिनिटे आधी त्या प्रकारच्या होडीचे निशाण वर चढते. चार मिनिटे उरली की दुसरे चढते, बहुधा निळे आणि मध्ये पांढरा चौकोन असलेले. एक मिनिट उरले की हे दुसरे खाली येते. आणि पहिले खाली येते तो सुरुवातीचा क्षण. प्रत्येक वेळी भोंगाही वाजतो, पण तो फक्त लक्ष वेधण्यासाठी. नियम स्पष्ट आहे: वेळ निशाणावरून धरायची. भोंगा वाजला नाही तरी निशाण खरे.

त्या दिवशी खाडीत पर्यटकांच्या बोटी फिरत होत्या. त्यांची गाणी चालू होती, भोंगे वाजत होते. असाच एक भोंगा वाजला. मुलीच्या हातातले घड्याळ अजून पाच-सहा सेकंद बाकी दाखवत होते. पण तिला वाटले सुरुवात झाली. तिने शीड ओढले आणि होडी रेषेपलीकडे गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. पहिली! सगळ्यांच्या पुढे आमची मुलगी!

शेजारी एक म्हातारे तांडेल उभे होते. ते म्हणाले, “तुमच्या चेडवाक मागे बोलयतत. तो बावटो बगा.”

पंचांच्या बोटीवर पांढऱ्यावर निळा क्रॉस असलेले निशाण फडकत होते. त्याचा अर्थ असा, की कोणीतरी वेळेआधी रेषा ओलांडली आहे, त्याने मागे फिरून पुन्हा सुरुवात करावी. त्यासाठी वाजलेला भोंगा गाण्यांच्या गोंगाटात बुडाला होता आणि मुलीने मागे वळून पाहिलेच नाही. चार मिनिटांनी ते निशाण उतरले. ती पहिली पोहोचली, पण तिच्यासाठी भोंगा वाजला नाही. फळ्यावर तिच्या होडीचे नाव सर्वांत खाली लागले.

बंधू-भगिनींनो, त्या क्षणी आमच्या मनात काय आले ते लपवत नाही. आमच्याच पोरीला का? आडनाव बघून तर नाही ना? आम्ही तावातावाने पंचांकडे निघालो. हा राग हवेतून आलेला नव्हता. विहिरीवर ताटकळत उभ्या राहिलेल्या आईच्या पोटी आम्ही जन्मलो आहोत. 1927 साली महाडच्या तळ्यावर पाण्याला हात लावण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाचे आम्ही. पाण्याच्या काठावर अन्याय होतो, हे आमच्या रक्तालाच ठाऊक आहे.

मुलगी ओल्या कपड्यांनी धावत आली आणि आडवी उभी राहिली. म्हणाली, “बाबा, थांबा. चूक माझी आहे. मी कानावर गेले, डोळ्यांनी बघितलंच नाही. ते निशाण माझ्या घरच्या भिंतीवर आहे.”

आम्ही दोघे खाली बसलो. निशाण तिच्या भिंतीवर होते म्हणजे आमच्याही भिंतीवर होतेच की! तांडेलकाका जवळ येऊन म्हणाले, “आवाज वारो घेवन जाता, बावटो वारोच दाखयता.” हे वाक्य आम्ही जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी निशाण बघून निघाली. अर्ध्या वाटेवर दुसऱ्या कॉलेजची एक होडी समोरून आडवी आली. येथेही नियम साधा आहे. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या अंगाने वारा घेणारीला वाट द्यायची. होडी कोणाची, मुलगा कोणाचा, हे नियमात कुठेच नाही. वाट मुलीची होती. समोरच्याने ती दिली नाही. धडक टाळण्यासाठी तिला होडी वळवावी लागली आणि ती तीन जागा मागे पडली.

ती जोरात ओरडली, “प्रोटेस्ट!” ही तिची तक्रार. सहा मीटर किंवा त्याहून लांब होडी असेल तर त्यासोबत लाल निशाणही दाखवावे लागते. लहान होडीला निशाण लागत नाही, तिचा आवाज पुरतो. हे ऐकून आम्हांला विशेष वाटले. जो लहान आहे त्याच्या शब्दाला येथे नियमानेच वजन दिले आहे.

नियम मोडणाऱ्यालाही एक वाट ठेवलेली असते. त्याने लगेच बाजूला जाऊन होडी दोन वेळा गोल फिरवली की शिक्षा संपली. पंचांनी पकडण्याची वाट बघायची नाही. चूक कबूल करून आपली शिक्षा आपणच घ्यायची. पंचशील तरी दुसरे काय सांगते? तेथेही पोलीस नसतो. समोरच्याने मात्र फेऱ्या घातल्या नाहीत.

शर्यत संपल्यावर मुलीने मुदतीत अर्ज लिहून दिला. संध्याकाळी सुनावणी झाली. दोघांना समोरासमोर बसवले, दोघांचे म्हणणे ऐकले, साक्षीदार विचारला. टेबलावर खेळण्यातल्यासारख्या छोट्या होड्या मांडून कोण कुठे होते ते दाखवायला सांगितले. आम्ही दाराबाहेर श्वास रोखून उभे होतो. निकाल मुलीच्या बाजूने लागला आणि समोरची होडी बाद झाली. काल याच पंचांवर आम्ही धावून निघालो होतो. आज त्यांच्याकडे वर मान करून बघायला आम्हांला लाज वाटली.

मुलीला बक्षीस मिळाले नाही. आठांत तिचा नंबर पाचवा आला. पण घरी येताना एस.टी.त आम्ही एकच गोष्ट बोलत होतो. पहिल्या दिवशी आम्हांला राग होता, पण नियम ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशी मुलीला नियम ठाऊक होता, म्हणून तिला रागाची गरज पडली नाही. अन्याय होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. तो होतो, आणि पुष्कळ होतो. पण जेथे नियम सर्वांना दिसेल असा उंच टांगलेला असतो, तेथे जातीला लपायला जागा कमी मिळते. जेथे नियम एकाच्या खिशात असतो आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचे असते, तेथे ती सुखाने नांदते. मात्र नियम उंच टांगून भागत नाही. खाली उभ्या असलेल्यांना तो वाचता आला पाहिजे.

शर्यतीत चुकले तर नंबर जातो. बंदरातला बावटा चुकला तर जीव जातो. ‘तीन नंबरचा बावटा’ म्हणजे खरे तर कापडाचे निशाण नव्हे. दिवसा डोलकाठीवर शंकूच्या आणि नळकांड्याच्या आकाराच्या काळ्या खुणा चढवतात, रात्री लाल आणि पांढरे दिवे लावतात. एक आणि दोन नंबर दूरच्या समुद्रातल्या वादळासाठी. तीन म्हणजे बंदरालाच सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा. पाचपासून पुढे धोका, आठ ते दहा मोठा धोका. अकरा म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटला. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा देवगड बंदरात नांगरलेल्या बोटी फुटल्या आणि खलाशांचे बळी गेले. आज आपली कितीतरी मुले पर्यटकांच्या बोटींवर, मच्छीच्या ट्रॉलरवर रोजंदारीने जातात. मालक म्हणतो, ‘काही होत नाही, चल.’ तेव्हा त्या मुलाला स्वतः वर बघून खूण ओळखता आली पाहिजे.

भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. आम्ही हे विहारात कितीदा ऐकले होते. अर्थ खाडीच्या काठावर उमगला.

आणि आता एक कबुली. तो तक्ता आम्ही महिनाभर पुसला, वाचला नाही. आमच्या कपाटातल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांचेही तसेच चालले होते. जयंतीला हार, एरवी धूळ पुसणे. भारताचे संविधानही त्याच कपाटात होते. आता दर रविवारी रात्री जेवणानंतर एक पान मोठ्याने वाचायचे असे आम्ही ठरवले आहे. म्हाताऱ्या आईला वाचता येत नाही. ती ऐकते आणि मध्येच विचारते, “म्हणजे काय?” तिच्या या प्रश्नामुळे आम्हांलाही नीट वाचावे लागते.

समुद्र आपला नाही, असे आता आम्ही म्हणत नाही. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली नेहा ठाकूर ही शेतकऱ्याची मुलगी. तिच्या गावाला समुद्र नाही. भोपाळच्या तलावावर शीड धरायला शिकून तिने 2023 सालच्या हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. आपल्या वाडीपासून तर समुद्र अर्ध्या तासावर आहे.

आमची थोरली आता दर शनिवारी वाडीतल्या मुलांना विहाराच्या ओट्यावर बसवते. जुन्या साड्यांचे तुकडे शिवून तिने निशाणे केली आहेत. एक निशाण उंच धरते आणि तोंडाने मुद्दाम चुकीचे नाव सांगते. जो पोर तिच्या तोंडाकडे न बघता निशाणाकडे बघून उत्तर देतो, त्याला शेंगदाण्याचा लाडू मिळतो. पहिल्या शनिवारी एकच लाडू गेला. परवा डबा रिकामा झाला.

जयभीम! नमो बुद्धाय!